थेंबभर पाण्याचा दावा

बाळारामभाऊ तरे यांच्यासमोर पाण्याविषयी बोलताना कामतघरमध्ये माणसं जरा जपूनच बोलत. भाऊंनी सगळी नोकरी पाणी खात्यात काढली होती, आणि तीही खुर्चीत बसून नाही, भर रस्त्यात वाकून. जमिनीखालचा पाइप नेमका कुठे फुटला आहे हे शोधून काढायचं त्यांचं काम. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि कापडाच्या लूमच्या खडखडाटातून, रिक्षांच्या हॉर्नमधून खाली झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा वेगळा काढायचा. भाऊंनी बोट दाखवलं की मजूर तिथेच खणत आणि पाणी तिथेच निघे. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सळई त्यांनी स्वतः मागून घेतली. ती अजून दाराच्या मागे उभी असते आणि केरसुणी तिला टेकवलेली भाऊंना चालत नाही.

अशा माणसाला मोबाइलच्या दुकानातल्या एका कालच्या पोरीने काउंटरच्या पलीकडून सांगावं, की ‘अंकल, तुमच्या फोनमध्ये पाणी गेलंय,’ आणि तेही च्युइंगगम चघळत, हा काही साधा प्रसंग नव्हे. पण त्याआधी तो मोबाइल कोण, कुठला, हे सांगायला हवं.

भाऊंची एकुलती एक मुलगी मनाली. नर्सिंग शिकली आणि बेंगळुरूच्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागली. गणपतीला घरी आली ती पहिल्या पगारातून घेतलेला मोबाइल घेऊन. “दोघांना मिळून हाय,” असं तिने सांगितलं, पण तो दोघांचा नव्हता हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट झालं. तो मनालीच्या आईचा, हौसाबाईंचा होता. रोज संध्याकाळी मनालीचा व्हिडिओ कॉल येई. हौसाबाई मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करत आणि भाकऱ्या थापता थापता लेकीशी बोलत. तव्यावरची भाकरी फुगली की ती दाखवायची, जवळा निवडून झाला की तो दाखवायचा, दारात शेजारची मांजर आली की तिलाही धरून समोर आणायचं. मधून कधीतरी भाऊंचा नंबर लागे. तेव्हा ते शर्टाची वरची गुंडी लावून पडद्यासमोर बसत, “बरी हाईस ना? पाणी उकळून पीत जा,” एवढं बोलून उठत.

दिवाळीला मनालीला रजा मिळाली नाही. लेकीशिवाय गेलेली या घरातली ही पहिलीच दिवाळी. हौसाबाईंनी कंदील लावला, करंज्या केल्या, रांगोळीही काढली, पण सगळं कसं पाहुण्याच्या घरी केल्यासारखं. भाऊंच्या ते लक्षात आलं होतं. काय बोलावं हे न सुचल्यामुळे त्यांनी चकल्या चांगल्या झाल्याचं दोनदा सांगितलं, तेव्हा हौसाबाईंनी त्या विकतच्या असल्याचं सांगितलं.

दिवाळी सरली आणि मोबाइल आजारी पडला.

आधी मनालीचा आवाज हंड्यातून आल्यासारखा येऊ लागला. मग तिकडून मनाली म्हणू लागली, “आई, काय बोलतेस? नुसतं बुडबुड ऐकू येतंय.” मग पडद्याचा एक कोपरा पिवळा पडला. चार्जरची पिन खुपसली तरी मोबाइल तिच्याकडे ढुंकून बघेना.

शेजारचा दिनेश पहिल्यांदा धावून आला. दिनेशचे तळमजल्यावर चार लूम आहेत आणि जगातल्या कुठल्याही बिघाडाचं त्याच्याकडे एकच कारण असतं. “भाऊ, रुई. दुसरं काय न्हाय. या गल्लीत माणसाच्या छातीत रुई जाते, तिथं मोबाइलची काय कथा. आपला कॉम्प्रेसर मारू.” लूम साफ करायच्या हवेच्या नळीने त्याने मोबाइलवर असा काही झोत सोडला, की आतापर्यंत निदान बुडबुड ऐकू येत होती तीही बंद झाली. समोरच्या माधवीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी मोबाइल तांदळात पुरून ठेवायला सांगितलं. “ओल शोषून घेतात तांदूळ,” त्या म्हणाल्या.

“ओल कुठून येणार?” भाऊ म्हणाले. “पाण्याचा काय संबंध?”

पण हौसाबाई एरवी कुणाचा सल्ला सहजी न मानणाऱ्या. त्या मात्र लगेच उठल्या आणि डबा उघडून मोबाइल तांदळात गाडूनही मोकळ्या झाल्या. त्यांच्या या तत्परतेचं त्या वेळी कुणालाच काही वाटलं नाही. दोन दिवसांनी मोबाइल बाहेर निघाला तो होता तसाच, फक्त चार्जिंगच्या भोकात एक तांदूळ अडकलेला.

तेव्हा भाऊंनी मोबाइल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचं ठरवलं. वॉरंटी होती. बिल होतं. मोबाइलचा डबासुद्धा हौसाबाईंनी जपून ठेवला होता, त्यात त्या पूजेच्या वाती ठेवत. वाती काढून, डबा पुसून, इस्त्रीचा शर्ट घालून भाऊ रिक्षाने कल्याण नाक्याला गेले.

काउंटरवर रुचिका नावाची मुलगी होती. नाव तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर होतं. तिने मोबाइल आत पाठवला, भाऊंना बसवून ठेवलं, आणि बऱ्याच वेळाने ते ऐतिहासिक वाक्य बोलली.

भाऊंना आधी वाटलं ती दुसऱ्या कुणाला सांगते आहे.

“कुणाच्या फोनमध्ये?”

“तुमच्या, अंकल. आत एक पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की लाल होते. तुमची लाल झालीय. लिक्विड डॅमेज. वॉरंटीत नाही बसत. बोर्ड, माइक आणि चार्जिंगचं सगळं बदलावं लागेल. चार्ज पडेल.” मग तिने आकडा सांगितला. तो ऐकून बाकावर बसलेल्या दोन अनोळखी माणसांनीसुद्धा भाऊंकडे हळहळून पाहिलं.

आकड्याचं भाऊंना फारसं काही वाटलं नाही, पेन्शन येते. त्यांना लागलं ते पाणी. “हे बघ बाय,” ते शांतपणे म्हणाले, “पाणी कुठून येतं, कुठं मुरतं आणि कुठं गळतं, याच्यातच माझी उमर गेली. या नाक्याखालून किती इंची लाइन जाते ती तुना सांगू? माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, मोबाइलला पाणी लागेल आणि मना कळणार न्हाय?”

“अंकल, पट्टी लाल आहे.”

“पट्टीला काय कळतंय?”

“तीच कळायला असते ना, अंकल.”

पैसे भरा आणि दुरुस्त करून घ्या, किंवा होता तसा बंद फोन घेऊन जा, असे दोन रस्ते रुचिकाने दाखवले. भाऊंनी तिसरा काढला. मोबाइल इथेच राहील, मी पैसे भरणार नाही, आणि पाणी लागलं नव्हतं हे कंपनीच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय नेणारही नाही, असं जाहीर करून ते बाहेर पडले. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं की आपण डबाही तिथेच विसरलो. पण परत जाणं शोभलं नसतं.

त्या दिवसापासून मनालीचा फोन भाऊंच्या जुन्या बटणांच्या मोबाइलवर येऊ लागला. आवाज चांगला खणखणीत येई, पण त्यात लेक दिसत नसे. हौसाबाई तो कानाला लावून बोलत, आणि बोलणं संपलं की सवयीने तो डोळ्यांसमोर धरून बघत. बोटभर पडद्यावर नुसती वेळ दिसायची. भाऊ हे पाहत आणि आतून हलत. पैसे टाकले असते तर लेक उद्या तांदळाच्या डब्याला टेकून बसली असती. पण पैसे टाकणं म्हणजे पाणी लागल्याचं कबूल करणं, आणि ते भाऊंच्या हातून होईना. मनालीने फोनवर “बाबा, मी भरते ना,” म्हटलं, तेव्हा तर ते जास्तच ताठ झाले.

“अवो, जाव द्या ना,” हौसाबाई एकदा म्हणाल्या. “भरून टाका. माझ्या बांगडीचे—”

“प्रश्न पैशाचा न्हाय, हौसा.”

“तेच सांगतंय. मना तुमाला एक सांगायचं हाय—”

तेवढ्यात दिनेश आत आला. त्याच्या ओळखीचा एक वकील होता आणि त्याने केस एकदम मजबूत असल्याचं सांगितलं होतं. हौसाबाई चहा ठेवायला उठल्या.

गल्लीला हा लढा आपला वाटू लागला होता. माधवीबाईंनी कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावायला सांगितलं. तिथे एक यांत्रिक बाई भाषा निवडायला सांगे. मराठीसाठी पाचचं बटण होतं, आणि भाऊंच्या मोबाइलचं पाच केव्हाच आत गेलेलं. शेवटी त्यांनी जोर करून अंगठा दाबला तो सहावर पडला आणि पलीकडे कानडी बोलणारी मुलगी आली. तिला मराठी येईना, भाऊंना कानडी येईना, मग दोघांनी आपापल्या हिंदीत सुरुवात केली. तक्रार तिला कळली नाही. पण ती बेंगळुरूहून बोलते आहे हे कळल्यावर भाऊंनी विचारलं, “उधर ठंडी पडा क्या?” ती म्हणाली, खूप पडली आहे, स्वेटर लागतो. भाऊ आत जाऊन हौसाबाईंना म्हणाले, “बेंगळुरूला थंडी लय पडली. पोरीला सांग, स्वेटर घाल.” त्या दिवशीच्या कामकाजातून एवढीच काय ती प्राप्ती झाली.

मग भाऊंनी घरातच तपासाला सुरुवात केली. आयुष्यभर लोकांच्या गळत्या शोधल्या, स्वतःच्या घरातली नाही हे सिद्ध करणं काय कठीण? मोबाइल कुठे ठेवला जातो, त्या प्रत्येक जागेवर त्यांनी हात फिरवला. खिडकी कोरडी होती. ओट्यावरचा नळ तांदळाच्या डब्यापासून लांब होता आणि त्याचं पाणी तिकडे उडत नाही हे त्यांनी नळ पूर्ण सोडून, स्वतः भिजून, तपासून पाहिलं. मग त्यांनी हौसाबाईंची साक्ष घेतली.

“चहा सांडला होता?”

“न्हाय.”

“पावसात न्हेला होता?”

“पाऊस कुठं होता?”

“बादलीत पडला? कालवणात?”

“न्हाय म्हटलं ना. कालवणात मोबाइल कशाला टाकीन?”

“बघ,” भाऊ विजयी मुद्रेने दिनेशला म्हणाले. हौसाबाईंचं एकही उत्तर खोटं नव्हतं. पण त्या उत्तरं देताना भाकरीकडे बघत होत्या, आणि ती भाकरी करपली. त्यांच्या हातची भाकरी कधी करपत नसे. पोरीच्या आठवणीने लक्ष लागत नसेल असं समजून भाऊंनी ती खाल्ली.

दुसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला गेले तेव्हा भाऊंनी आपला हुकमी एक्का टाकला. भरल्या काउंटरसमोर हात वर करून ते म्हणाले, “आमच्या गावदेवीची शपथ. या मोबाइलला माझ्या घरात पाण्याचा एक थेंब जरी लागला असंल, तर मी दुप्पट चार्ज भरीन.” रुचिकाने च्युइंगगम चघळायचं थांबवलं आणि आत जाऊन साहेबांना फोन केला. तिकडून निरोप आला, की शनिवारी ठाण्याहून मोठे साहेब येतील आणि ग्राहकाच्या देखत मोबाइल उघडून दाखवला जाईल.

शनिवारी गल्लीतून तीन रिक्षा निघाल्या. दिनेशने दोन लूमचा संप झाल्यासारखी माणसं गोळा केली होती. माधवीबाई खास साडी नेसून आल्या. आणि हौसाबाई, ज्या कल्याण नाक्याला भाजीशिवाय कधी जात नाहीत, त्याही रिक्षात येऊन बसल्या.

“तू कशाला?” भाऊंनी विचारलं.

“मी येतंय,” एवढंच त्या म्हणाल्या. मग रिक्षा सुरू झाल्यावर भाऊंच्या कानाशी लागून काहीतरी बोलल्या. पण पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसलेला दिनेश त्याच वेळी वकिलाने सांगितलेली कलमं मोठ्याने पाठ करत होता. भाऊंनी मान हलवली. त्यांना वाटलं, ती देवीला नारळ बोलते आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये मोठे साहेब टाय लावून उभे होते. राकेश नावाच्या कारागिराने मोबाइल टेबलावर ठेवला, दिवा ओढला, आणि मागचं झाकण हळूच उचकटलं. सगळी गल्ली टेबलावर वाकली.

“ये देखो अंकल, चावल,” राकेश चिमट्याने दाणा काढत म्हणाला.

“तो माझा,” माधवीबाई म्हणाल्या.

राकेशने माइकजवळची जाळी काढली. तिच्याखाली पिवळसर चिखल होता, वाळून तडे गेलेला. त्याने तो चिमट्याने खरवडला, बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि बुचकळ्यात पडला. “सर, इसमें से खुशबू आ रही है.”

बोट साहेबांच्या नाकाखालून फिरलं, दिनेशच्या फिरलं. दिनेश म्हणाला, रुईला असा वास नसतो. मग माधवीबाई पुढे आल्या, चष्मा वर केला, एकदाच हुंगलं आणि वर्गात उत्तर सांगावं तसं म्हणाल्या, “हे उटणं आहे.”

“उटणं?” साहेब म्हणाले. “दिवाळीत लावतात ते?”

“चंदन आहे, नागरमोथा आहे. तेलही दिसतंय. या मोबाइलला कुणीतरी तेल-उटणं लावून आंघोळ घातली आहे.”

“चावल, हल्दी, चंदन,” राकेश हळूच म्हणाला. “इसकी तो पूरी पूजा हो गयी, अंकल.”

गल्ली खो खो हसली. ज्यांना आपण भाऊंच्या बाजूने आलो आहोत याची आठवण होती, तेही तोंड फिरवून हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी हौसाबाईंकडे पाहिलं. हौसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

आणि भाऊंना ऐकू आलं.

नरक चतुर्दशीची पहाट. ते गोधडीत होते. अर्धवट झोपेत त्यांना स्वयंपाकघरातून हौसाबाईंचा आवाज आला होता, “डोळे मीट गो बाय, उटणं जाईल.” आणि पाठोपाठ तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज, अगदी बारीक धारेचा. भाऊंना वाटलं होतं, आपल्याला स्वप्न पडतंय. स्वप्नात मनाली चार वर्षांची होती, पाटावर बसली होती आणि पाणी कढत आहे म्हणून रडत होती. ते स्वप्न मोडू नये म्हणून त्यांनी कूस बदलली होती आणि सुखाने पुन्हा झोपले होते. जमिनीखालून झिरपणारं पाणी ऐकणाऱ्या माणसाने भिंतीपलीकडची ती धार ऐकली होती, नुसती ओळखली नव्हती.

“काय अंकल?” साहेब टाय सारखा करत म्हणाले. “शपथ घेतली होती म्हणे तुम्ही. आता बोला, पाणी कुणी घातलं?”

भाऊंनी एकवार दिनेशकडे, माधवीबाईंकडे, दाराशी उभ्या असलेल्या अख्ख्या गल्लीकडे पाहिलं. ही सगळी माणसं नळाला पाणी आलं नाही की त्यांच्या दारात येत.

“मी घातलं,” भाऊ म्हणाले.

“तुम्ही?”

“मीच. नवीन मोबाइल होता. त्याची पहिली दिवाळी होती. मना वाटलं, घालावी आंघोळ.”

आता मात्र हसण्याचा असा काही स्फोट झाला की बाहेरचे रिक्षावाले आत डोकावले. दिनेशने कपाळाला हात लावला. भाऊ दारामागच्या सळईसारखे ताठ उभे होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

“ते खोटं सांगतान,” मागून आवाज आला. हौसाबाई पुढे आल्या. “मी घातली.”

“तू गप बस, हौसा. मी घातली.”

“तुम्ही झोपला होता. घोरत होता.”

“मी उठून घातली.”

“तुमाला उटण्याचा डबा तरी म्हाईत हाय का कुठं असतो?”

हौसाबाई साहेबांकडे वळल्या, पण बोलल्या त्या रुचिकाकडे बघून. “पोरीला रजा न्हाय मिळाली. रातभर ड्युटी करून आलेली, हॉस्टेलच्या खोलीत एकटी. मी म्हटलं, सणाच्या दिवशी डोक्याला तेल तरी लावलंस? तर म्हणते, झोपते आता आई. समोर दिसत होती, एवढी जवळ. मी म्हटलं, गालाला नुसतं बोट लावीन. तेल लावलं. मंग उटणं लावलं. मंग पाणी घातल्याशिवाय ठेवायचं कसं? ऊन पाणी होतं तांब्यात. चूळभरच घातलं. लगेच पदरानं पुसलं. तिच्या नावानं कारीट फोडलं.”

“मोबाइल पे?” राकेशने घाबरून विचारलं.

“पायाखाली. मोबाइलवर कारीट कोण फोडतो?” हौसाबाईंनी त्याला झापलं. मग त्यांचा आवाज उतरला. “हे इथं भांडायला आले, मना सांगायचं होतं. पण रोज चार माणसं घरात. यांचं नाव खाली जाईल म्हणून जीभ रेटंना.”

रुचिका इतका वेळ काउंटरवर कोपर टेकवून ऐकत होती. तिने विचारलं, “मग मुलगी काय म्हणाली, काकू?”

“काय न्हाय म्हणाली. डोळे मिटून बसली होती. मी पुसून होईपर्यंत उघडलेच न्हाय.”

रुचिकाने खाली बघून कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करायला सुरुवात केली. कॉम्प्युटर बंद होता. गल्लीत आता कुणी हसत नव्हतं. माधवीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि रुई फार आहे इथे, असं उगाच म्हणाल्या.

मोठे साहेब घसा खाकरून म्हणाले, की भावना समजू शकतो, पण नियम नियम आहे. चार्ज माफ करण्याचा अधिकार त्यांना नाही.

“माफी कोण मागतंय?” भाऊ एकदम उसळले. “दुप्पट बोललो होतो, दुप्पट लावा.”

“दुप्पट लावायचाही अधिकार नाही हो.”

“मग जेवढा हाय तेवढा लावा. बिल माझ्या नावानं. आणि बिघाडाचं कारण नीट लिहा. अभ्यंगस्नान.”

“अंकल, तसा पर्याय नाहीये यात,” रुचिका कॉम्प्युटर सुरू करत म्हणाली. “लिक्विड डॅमेजच येतं.”

भाऊंनी क्षणभर विचार केला. “राहू दे मग तेच,” ते म्हणाले. “पाणी होतं. पाणीच म्हण.”

पाण्याच्या बाबतीत बाळारामभाऊ तरे यांनी माघार घेतल्याची ही पहिलीच वेळ. निघताना रुचिकाने मोबाइलचा विसरलेला डबा त्यांच्या हातात दिला. त्यात एक वात राहून गेली होती, ती तिने तशीच ठेवली होती.

दिनेशला गप्प बसवत नाही. परतताना रिक्षात तो म्हणाला, “भाऊ, तुमाला तर दोन गल्ल्यांपलीकडची गळती ऐकू येते. घरातली कशी न्हाय आली?”

“आली होती,” भाऊ म्हणाले. “मी कूस बदलली.”

दिनेशला ते कळलं नाही. हौसाबाईंना कळलं असावं, कारण खड्डा नव्हता तरी त्यांनी भाऊंचं मनगट धरलं आणि घर येईपर्यंत सोडलं नाही.

गल्लीने पुढे काय केलं ते सांगायला नको. भाऊ दिसले की कुणीतरी साबण कुठला वापरता, टॉवेल वेगळा ठेवता का, असं विचारीच. भाऊ रागावत नसत. “ऊन पाणी वापरतो,” असं गंभीरपणे सांगून पुढे जात.

मोबाइल दुरुस्त होऊन आला त्या संध्याकाळी तो पुन्हा तांदळाच्या डब्याला टेकून उभा राहिला. वेळेवर वाजला. पडद्यावर मनाली आली, अंगात स्वेटर, केस नुकतेच धुतलेले. भाऊ वरची गुंडी लावून बसले होते. हौसाबाई मात्र हातभर मागे सरकून, दोन्ही हात पदराखाली घेऊन, पाहुण्यासारख्या बसल्या.

“आई, जवळ ये ना. दिसत न्हाईस.”

“इथं बरी हाय.”

भाऊंनी पाहिलं, पदराखालचा हात दोनदा वर आला आणि दोनदा मागे गेला. ते उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि हौसाबाईंचे हात आधी एक, मग दुसरा, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून कोरडे केले. “लाव आता,” ते म्हणाले.

हौसाबाई पुढे झुकल्या. हलक्या हाताने त्यांनी लेकीच्या गालावरून बोट खाली आणलं, हनुवटीपर्यंत. तिथे खाली कॉल बंद करायचा लाल गोळा असतो. बोट त्यावर पडलं आणि मनाली गेली.

काळ्या पडद्यात दोघांचे चेहरे दिसत होते. हौसाबाई बोट तसंच वर धरून बसल्या. “परत बिघडवला मी,” त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

मोबाइल वाजला. भाऊंनी उचलला, डब्याला नीट टेकवला, आणि मनाली पुन्हा दिसू लागताच हौसाबाईंचं बोट धरून पडद्याच्या वरच्या बाजूला नेलं.

“गालाला नको,” ते म्हणाले. “कपाळाला लाव.”

मनालीने डोळे मिटले.